सशांनी सशांना सांगितलेल्या गोष्टी

सुगीचे दिवस होते. तिसरीतली एक मुलगी सकाळी वर्गात आली ती स्वेटर काढून हातात धरून, आणि स्वेटरच्या घडीत सशाचं पिल्लू. मुठीत मावेल एवढं. अंगभर लव, डोळे टक्क उघडे, कान पाठीला चिकटलेले. जराही हलत नव्हतं, पण बरगड्यांवरची कातडी एवढी भराभर उडत होती की हात लावायला मला भीती वाटली.

"बांधाला गवतात हुतं, बाई. आई न्हाई त्याला."

आई होती. सशाची मादी पिल्लाजवळ बसून राहत नाही. ती बसली तर तिच्या मागावर आलेल्याला पिल्लूही सापडतं. ती अंधार पडायच्या सुमाराला येते, पाजते आणि निघून जाते. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी शेतावर गेलो आणि जिथलं पिल्लू तिथंच, त्याच गवतात ठेवलं. परतताना ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग दिवसभर एकटंच काय करतंय ते?"

"गप पडून राहतंय."

"त्याला गोष्ट कोण सांगतंय?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढची तीन वर्षं मी त्याच प्रश्नाचं उत्तर तयार करत आले. ते कसं झालं ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण मुलांसाठी लिहिणाऱ्या, मुलांना सांगणाऱ्या माझ्यासारख्या कितीतरी बाया-बाप्ये आपल्या भागात आहेत.

माझी शाळा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. सरकारी मराठी शाळा. पहिली ते तिसरी एकत्र बसणारा नलीकलीचा वर्ग माझ्याकडे. बहुतेक मुलं मराठी घरांतली, तीन-चार कन्नड घरांतली, दोन गवळीवाड्यावरची. गोष्टीचा तास मी कधी चुकवला नाही. पण तोवर मी सांगितलेले सगळे ससे शेवटी माणसंच होते, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पहिली गोष्ट लिहिली तीही तशीच. हुशार ससा, डोक्याला फेटा, बाजाराला जातो, कोल्ह्याला उधारीत फसवतो. मुलं हसली. ती मुलगी हसली नाही. तिनं विचारलं, "पण बाई, तो रात्री कुठं झोपतो?" मला सांगता येईना. ज्याचं घर मला माहीत नाही त्याची गोष्ट मी सांगत होते.

मग मी पंचतंत्र पुन्हा उघडलं. त्यात युक्तीनं वाचणारे दोन ससे आहेत. मित्रभेदातला ससा सिंहाला विहिरीतलं त्याचंच रूप दाखवतो आणि सिंह उडी घेतो. काकोलूकीयातला ससा हत्तींच्या राजाला तळ्यात थरथरणारा चंद्र दाखवतो, 'देव रागावलाय' म्हणतो, आणि तळ्याकाठच्या सशांना तुडवणारा कळप निघून जातो. लहानपणापासून पाठ असलेल्या गोष्टी. यावेळी वाचताना मला जाणवलं की दोन्हींत ससा पाण्याचा आणि प्रतिबिंबाचाच उपयोग करतो. त्याच्याकडे दुसरं हत्यारच नाही. फाडायला सुळे नाहीत, नखं नाहीत, शिंगं नाहीत. समोरच्याचा राग, समोरच्याचा गर्व, समोरच्याची भीती हेच त्याचं भांडवल. आणि दुसरं जाणवलं ते असं की या गोष्टी राजपुत्रांना शहाणं करण्यासाठी माणसांनी माणसांना सांगितल्या. मला हवी होती ती सशांनी सशांना सांगितलेली गोष्ट. गवतात पडलेल्या पिल्लाच्या कानात, आई पाजायला आली की तेवढ्या वेळात सांगून होईल एवढी.

त्यासाठी ससा शिकावा लागला.

माझे चुलतसासरे, त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, भात पोटरीला आलं की रात्री माळ्यावर झोपायला जातात. झोपतात कसले, जागतात. रानडुकरं येतात, आणि आता कैक वर्षं दांडेलीकडून हत्तीही येतात. तात्यांजवळ बॅटरी, डबा आणि फटाक्यांची पिशवी असते. मी दोन-तीन रात्री जाऊबाईंना सोबत घेऊन माळ्यावर बसले.

"तात्या, ससा बिळात राहतो ना?"

"बीळ? आपला ससा बीळ कधी काढत न्हाई, सूनबाई. गवतात अंगापुरता खळगा करतोय आन् बसतोय. पाय पडंस्तवर हलत न्हाई."

हे मला माहीत नव्हतं. पुस्तकातला पांढरा, लाल डोळ्यांचा, बिळातला ससा आपला नव्हेच. आपला ससा मातकट, मानेच्या मागं काळा डाग असलेला. त्याला बीळ नाही, दार नाही, मागं सरकायला भिंत नाही. सगळं आयुष्य उघड्यावर. पिल्लू जन्मतं तेच डोळे उघडून, कारण त्याला झाकायला काही नाही. तात्यांनी आणखी सांगितलं ते मी वहीत उतरून घेतलं. मागचे पाय लांब, म्हणून चढाला ससा कोणाला आटपत नाही पण उताराला गडबडतो. बसायच्या आधी आपल्याच मागावरून उलटा येतो आणि बाजूला लांब उडी घेतो, म्हणजे वास घेत येणारा फसतो. डोळे बाजूला असल्यानं मागचंही दिसतं, पण अगदी नाकासमोरचं दिसत नाही. आणि चांदण्या रात्री तो उघड्यावर येत नाही.

"का?"

"दिसतोय की! वर घुबड, खाली कोल्हा. चांदणं आमाला बरं. त्याला अवस बरी."

माझ्या सगळ्या कामातला हा सर्वांत मोलाचा क्षण. आपल्याकडे चंद्राला शशांक म्हणतात, त्यात ससा बसलाय म्हणतात, बोधिसत्त्व ससा होऊन आगीत उडी घेतो आणि इंद्र त्याचं चित्र चंद्रावर काढतो ही जातककथाही सुंदर आहे. पण खुद्द सशाला विचारलं तर? त्याच्या दृष्टीनं चंद्र म्हणजे वैऱ्याच्या हातातली बॅटरी. त्यांचा सण अवसेला. आपली लक्ष्मीपूजनाची रात्र असते तशी, पण दिवा न लावता.

इथून देवादिकांची मांडणी सुटत गेली. सशांच्या जगात देव असेल तर तो उजेड देणारा नसेल, आडोसा देणारा असेल. मी तिला 'सावलाई' म्हटलं. बांधाची सावली, करवंदीच्या जाळीची सावली, ढगाची सावली, सगळी तिची. ती कोणाला वाचवत नाही, फक्त झाकते. आणि तिचा लाडका, खोडकर, कुठल्याच बंधनात न बसणारा पहिला ससा म्हणजे मोल्या.

नाव मी दिलेलं नाही. ते वर्गातून आलं, आणि ते सांगण्याआधी चंद्राची गोष्ट सांगते, कारण पहिली जमली ती तीच.

'सुरवातीला चंद्राला डाग नव्हता आणि तो कमीही होत नव्हता. रोज रात्री पुरा. कोल्ह्याला पोट भरून, घुबडाला पोट भरून, आणि सशांची आळी रोज एकानं कमी. सावलाई म्हणाली, मी काय करू, मला हात नाहीत, मी नुसती पडते. मग मोल्या कुमरीत गेला. लोकांनी रान जाळून नाचणी पेरायला जागा केलेली, तिथली काजळी त्यानं पुढच्या दोन्ही पायांना फासली. आणि मलप्रभेच्या डोहाकाठी दगडावर जाऊन बसला. वर बघून म्हणाला, मामा, तोंडाला काय लागलंय? चंद्र म्हणाला, काही नाही. मोल्या म्हणाला, मग मी खोटा. सगळं रान हसतंय म्हणून सांगितलं. चंद्राला राहवेना. तो डोहात वाकून बघायला आला. मोल्या दगडावर असा बसला होता की पाण्यात त्याची सावली बरोबर चंद्राच्या गालावर पडावी. चंद्रानं बघितलं तर खरंच काळं. हाय रे! पूस बघू, पूस! मोल्या म्हणाला, खाली ये, गाल पुढं कर. आणि काजळीचे पाय घेऊन त्यानं चांगलं घासून घासून पुसलं.'

'चंद्रानं पुन्हा पाण्यात बघितलं तेव्हा मोल्या पळत होता. चढाला लागला असता तर सापडला नसता. पण नदीकाठ, उतार. चंद्रानं मागून त्याची मान धरली आणि हाताला लागलेली काजळी तिथंच पुसली. म्हणून आपल्या मानेवर काळा डाग. म्हणून घुबडाला वरून आपली मान दिसते. आणि चंद्र लाजला तो अजून लाजतोच आहे. रोज थोडं थोडं तोंड लपवतो, पंधरा दिवसांनी पुरा लपतो. ती आपली रात्र. जा, खाऊन ये.'

शेवटचं वाक्य, 'जा, खाऊन ये', हे मला सुचलं तेव्हा माळ्यावर मी एकटीच रडले. तोवर मी नुसती गोष्ट बांधत होते. त्या वाक्यात पाजून निघालेली आई बोलली. पुढं मोल्याची प्रत्येक गोष्ट याच तीन शब्दांनी संपवायचं ठरलं.

पाण्याची युक्ती जुन्या सशांकडून घेतली, हे मी मुलांना सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काही नाही. आजीकडून भाकरीचं पीठ मळायची रीत येते तशी ती आली. मोल्याला काजळी लागली ती मात्र आमच्या रानातली.

एक गोष्ट मी यातून शिकले आणि ती इतर कशाहूनही महत्त्वाची मानते. अशा नायकाला पूर्ण जिंकू द्यायचं नाही. त्यानं निसटावं, आणि निसटताना त्याच्या अंगावर काहीतरी खूण राहावी. कोल्हा मरत नाही, घुबड मरत नाही, चंद्र पुन्हा उगवतोच. दुसऱ्या गोष्टीत मी कोल्ह्याला विहिरीत पाडून मारलं होतं. गवळीवाड्यावरचा मुलगा म्हणाला, "मग उद्या कोण येणार?" त्याला बिचाऱ्याला गोष्टीची चिंता होती. कोल्हा मेला की गोष्टीच संपतात, हे त्यानं मला शिकवलं. मी तो कोल्हा विहिरीतून बाहेर काढला.

आता नाव. आमच्या वर्गात कन्नड घरचा एक मुलगा होता, पहिलीतला. वडील जवळच्या वीटभट्टीवर. मराठी समजायचं पण तोंड उघडायचा नाही. सहा महिने. फळ्यावर मी सशाचं चित्र काढलं आणि विचारलं, हा कोण? सगळी ओरडली, "ससा!" त्याच्या तोंडून हळूच निघालं, "मोल."

कन्नडात सशाला मोल म्हणतात. ओ आखूड, शेवटचा अ स्वच्छ, पण पटकन म्हटलं की आपल्या कानाला आपलंच मोल ऐकू येतं, किंमत. शेजारच्यानं विचारलं, "कशाचं मोल?" आणि माझ्यासमोर गोष्ट उभी राहिली, मला काही करावं लागलं नाही. मी तिथंच सांगायला घेतली.

कोल्ह्यानं मोल्याला धरलंय. कोल्हा दोन्ही गावांच्या उकिरड्यावर जेवलेला, त्यामुळं दोन्ही भाषा अर्ध्या अर्ध्या येणारा. पंजाखाली दाबून विचारतो, "कोण गा तू?" मोल्या म्हणतो, "मोल." "कशाचं मोल?" "माझं." "किती?" "घेणारा तू. तूच सांग." आता कोल्हा मानी. फुकट खाल्लं असं कोणी म्हटलेलं त्याला चालत नाही. म्हणतो, दोन खेकडे. मोल्या म्हणतो, एवढ्यात माझा एक कानसुद्धा येत नाही. कोल्हा म्हणतो, बरं, चार खेकडे आणि एक बेडूक. मोल्या म्हणतो, काल तुझ्या भावानं सहा सांगितले होते. घासाघीस करता करता तांबडं फुटतं, कापणीला निघालेल्या बायकांची कुत्री येतात, आणि कोल्हा अजून आकडाच मोजत असतो.

'मोल' शब्द आला तेव्हा वर्गात पहिला हसला तो भट्टीवरचा मुलगा. बाकीची त्याच्याकडे बघायला लागली. मग तो शेजारच्याला सांगायला लागला, हाताचे दोन कान करून, की मोल म्हणजे हे. शेजारचा त्याला उलट सांगायला लागला, चिमटीत पैसे मोजल्यासारखं करून, की न्हाई, मोल म्हणजे ह्ये. मग दोघंही एकदम हसले. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना त्यानं पहिल्यांदा "आहे, बाई" म्हटलं. नायकाचं नाव त्या दिवसापासून मोल्या.

एका परिचितांनी मला विचारलं, यातला कोल्हा कोण, ससा कोण? म्हणजे मराठी कोणता आणि कन्नड कोणता? १९५६ साली राज्यांची फेररचना झाली आणि आमचा भाग आताच्या कर्नाटकात गेला, तेव्हापासून इथल्या दोन भाषांकडे बघायची हीच एक तऱ्हा लोकांना ठाऊक. प्रश्न खोटा नाही, आमच्या घरातही त्या दुःखाचा इतिहास आहे आणि मी तो हलका मानत नाही. पण मोल्याचं नावच दोन भाषा माहीत असलेल्याला पुरतं कळतं. ते दोघांपैकी एकाच्या घरात कोंडलं तर निम्मं मरेल.

सगळंच सुरळीत झालं असं नाही. एका पालकांनी शाळेत येऊन सांगितलं, मुलगा खोटं बोलायला शिकला, 'मोल्यानं केलं तर चालतंय' म्हणतो. गृहपाठाची वही शेजारच्या मुलीच्या दप्तरातून काढून आपली म्हणून दाखवली होती त्यानं. मी रात्रभर अस्वस्थ होते. फसवणाऱ्याला देवपण दिलं तर मुलं काय घेतील, हा प्रश्न मी टाळत आले होते. दुसऱ्या दिवशी मी एक नवी गोष्ट सांगितली. थंडीच्या रात्री मोल्या एका लावरीला थापा मारून तिच्या उबेतून उठवतो आणि स्वतः तिथं बसतो. उबेत त्याला गाढ झोप लागते. उघड्यावर निजणारा ससा कधी गाढ झोपत नाही. घुबड येतं. मोल्याचा एक कान फाटतो, आणि लावरीची पिल्लं जातात. त्या गोष्टीच्या शेवटी 'जा, खाऊन ये' मी म्हटलं नाही. वर्गही गप्प बसला. वही घेतलेला मुलगा म्हणाला, "ती त्याच्यापेक्षा बारकी हुती." मी एवढंच म्हटलं, "व्हय." तेव्हापासून नियम ठरला आणि तो मुलांनीच पाळला: मोल्यानं आपल्याहून बारक्याला फसवलं की त्याची युक्ती उलटते. पुढं कोणी तसली गोष्ट रचून आणली तर बाकीची मुलंच सांगायची, हे चालणार न्हाई.

भाषेचा घोळ मोठा होता. लिहिताना माझा हात आपोआप पुस्तकी मराठीकडं जायचा. 'कोल्हा म्हणाला, तू कोण आहेस?' असं लिहिलं की कोल्हा शाळा तपासायला आल्यासारखा वाटायचा. शेवटी असं केलं की सांगणारी आई साधं मराठी बोलते आणि प्राणी आमचं बोलतात. "काय करूलालास गा?" "काय न्हाई, बसूलालोय." अशा आठ गोष्टी नीट लिहून मी एका अंकाकडे पाठवल्या. उत्तर आलं की कल्पना छान आहे, बोली प्रमाण करून द्या, लावरीची पिल्लं मरू देऊ नका आणि प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य घाला. मी दोन आठवडे प्रयत्न केला. 'करूलालास'चं 'करत आहेस' केलं. वर्गात वाचून दाखवलं तेव्हा मुलं शांतपणे ऐकत राहिली, सूचना ऐकतात तशी. मी गोष्टी परत मागवल्या. त्या आता चार रेघी वहीत आहेत, मुलांनी काढलेल्या चित्रांसह, आणि वही घरोघर फिरते. कडा चुलीच्या धुरानं पिवळ्या पडल्यात.

आता हत्तींची गोष्ट उरली आहे, आणि तीच जमत नाही.

गेल्या सुगीत गावातल्या दोन घरांचं भात एका रात्रीत तुडवलं गेलं. त्यातलं एक घर पिल्लू आणणाऱ्या त्या मुलीचं. ती आता सहावीत आहे, तरी गोष्टीच्या तासाला दारात येऊन उभी राहते. मुलं म्हणतात, मोल्याला सांगा की हत्तींना घालवायला. जुन्या सशानं हत्ती घालवले होते तळ्यातला चंद्र दाखवून. पण आमचा चंद्र मोल्यावर रुसलेला, तो त्याच्या कामाला येणार नाही. आणि हत्ती जातील कुठं? २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झालं, पण त्याची रेघ हत्तीला दिसत नाही. ज्या वाटेनं त्यांचं जाणं-येणं तिथं आता ऊस आणि भात उभं आहे.

मी तिला विचारलं, तुझं काय म्हणणं? तुझं शेत गेलं, मोल्यानं काय करावं?

ती चौकटीला टेकून विचार करत राहिली. "मोल्यानं त्यांच्या नाकासमोर जाऊन बसावं," ती म्हणाली. "एवढा बारका बघून ते थांबतील. आन् मग इचारावं."

"काय विचारावं?"

"तुमची पिल्लं दिवसभर कुठं ठेवताय म्हणून."

मी ते वहीत लिहून घेतलं. हत्ती काय सांगतात ते अजून मला माहीत नाही. तात्या या आठवड्यात माळा बांधायला घेणार आहेत. अवसेला मी त्यांच्यासोबत बसणार आहे.